सव्वा तासाचे विमान, पाच तासांचा प्रवास

लंडन आणि पॅरिस. शाळेतल्या जगाच्या नकाशावर करंगळी टेकवली, तर दोन्ही शहरे एकदम झाकली जातील! सरळ रेषेत अंतर सुमारे ३४५ किलोमीटर. पण मध्ये इंग्लिश खाडी आडवी पसरलेली. तिचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम ३३ किलोमीटरचा. तरीही शतकानुशतके गाडी, मग बोट आणि पुन्हा गाडी, असा द्राविडी प्राणायाम प्रवाशांना करावा लागे.

२५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ या फ्रेंच माणसाने सुमारे ३७ मिनिटांत ही खाडी विमानाने ओलांडली. पुढे २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस अशी रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या दिवशी उतारू एकच, एक वार्ताहर! सोबतीला वर्तमानपत्रे, डेव्हनशायरची साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ लागला अडीच तासांच्या आसपास.

आज वेळापत्रकात सव्वा तास लिहिलेला असतो. त्यातही धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आलेच. प्रत्यक्ष हवेत विमान तासापेक्षा कमीच असते. त्यात घड्याळाची गंमत वेगळी. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. त्यामुळे लंडनहून दहाला निघालात, तर पॅरिसच्या घड्याळात सव्वाबारा वाजतात. उलट पॅरिसहून दहाला निघालेला माणूस लंडनला सव्वादहालाच हजर!

पण घोडे पेंड खाते ते जमिनीवर. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिम टोकाला, तर चार्ल्स द गॉल पॅरिसच्या ईशान्येला, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर. तिथवर जायचे, दोन तास आधी पोचायचे, तपासणीच्या रांगा, सामानाची वाट, मग पुन्हा शहरात यायचे. बेरीज करा; साडेचार-पाच तास सहज भरतात.

आता आगगाडीचा हिशेब पाहा. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा खुला झाला. लांबी सुमारे ५० किलोमीटर, पैकी ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली. सुरुवातीला यूरोस्टार गाडीला तीन तास लागत. २००७ मध्ये इंग्लंडमधला वेगवान लोहमार्ग पूर्ण झाला आणि हा वेळ सव्वादोन तासांवर आला. लोहमार्गाचे अंतर सुमारे ४९० किलोमीटर, म्हणजे विमानापेक्षा कितीतरी अधिक. तरीही तासभर आधी स्टेशनवर गेलात, तरी गाडीच पुढे! कारण ती गावात चढवते आणि गावातच उतरवते. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणीही निघतानाच उरकते.

इंधनाच्या धुराचा विचार केला, तरी पारडे विजेवर धावणाऱ्या गाडीकडेच झुकते. याच विचाराने फ्रान्सने २०२३ मध्ये, जिथे अडीच तासांच्या आत आगगाडी पोचवते, अशा देशांतर्गत मार्गांपैकी काहींवरची विमाने बंद केली.

युरोपच्या सहलीचे बेत आता मराठी घरांतही आखले जातात. आजी-आजोबा आणि मुले बरोबर असली की रांगेतला प्रत्येक तास जड जातो. म्हणून ‘विमानाने फक्त सव्वा तास’ असे कुणी सांगितले, तर विचारावे, ‘कुठून कुठपर्यंत?’ हॉटेलच्या दारापासून दारापर्यंत मोजलेला वेळ, तोच खरा प्रवास. आणि हो, ब्रिटनचा व्हिसा वेगळा, फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन वेगळा. तो वेळही हिशेबात धरायला विसरू नका.