जाड पट्ट्याची शिवण

दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीतल्या वाटा कोरड्या होतात आणि माळ्यावरच्या सॅक खाली येतात. कापड धड असतं, चेन चालते, बकलं शाबूत असतात. पण खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो, नेमकी तिथली शिवण उसवलेली असते. दोन इंचांच्या त्या उसवणीपायी अख्खी सॅक भंगारात जाते. ती तशी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. जाड पट्टा हाताने शिवणं शिकता येतं, आणि नीट शिवलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो. त्यासाठी एवढंच समजून घ्यावं लागतं, की ताण कुठून येतो आणि कुठे जातो.

पट्टा आणि दोरा

जाड विणीचा पट्टा आपल्याला नवा नाही. पलंगाला विणायची सुती नवार याच जातीची. गिर्यारोहणाच्या सामानात मात्र सुताची जागा कृत्रिम धाग्यांनी घेतली. ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ साली नायलॉन तयार केलं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. दोघांचे स्वभाव वेगळे. नायलॉन ताणलं की लांबतं आणि झटका पचवतं, पण पाणी पितं आणि ओलं झालं की त्याची ताकद थोडी उतरते. पॉलिएस्टर कमी लांबतं, पाण्याने फारसं बिघडत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. स्वस्त सॅकना बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा असतो. तो पाण्यावर तरंगतो, मात्र ऊन त्याला लवकर खातं. नखाने खरवडल्यावर पट्ट्यातून भुकटी निघू लागली तर तो शिवण्यात अर्थ नाही, पट्टाच बदलावा.

दोरा निवडताना सुती दोरा टाळावा. आपल्या पावसाळ्यात सॅक दिवसच्या दिवस दमट राहते, तिला बुरशी धरते आणि सूत आतल्या आत कुजतं. मेण लावलेला जाड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा उत्तम. मेणामुळे दोरा भोकातून सहज सरकतो, ओढलेला टाका सैलावत नाही आणि पाणी आत शिरायला वाव कमी राहतो.

आरीचा टाका

घरातलं शिलाई मशीन चार-पाच थरांच्या पट्ट्यापुढे हात टेकतं. सुई वाकते, नाहीतर टाके सुटतात. इथे आरी लागते. चर्मकाराच्या आरीला टोकाशी बारीक आकडा असतो. आरी वरून आत जाते, खाली धरलेला दोरा आकड्यात अडकतो, आरी मागे येताना त्याचा फास वर आणते आणि त्या फासातून वरच्या दोऱ्याचं टोक ओवलं जातं. सरावलेला हात हे सगळं खाली न पाहता करतो.

गिर्यारोहकांमध्ये दोऱ्याची आरीही चालते. तिच्या मुठीत दोऱ्याचं रीळ असतं आणि सुईचं नेढं टोकाशी असतं. एलायस हाऊ यांनी १८४६ साली पेटंट घेतलेल्या शिलाई मशीनची सुईही अशीच टोकाशी नेढं असलेली होती. अमेरिकेत ‘स्पीडी स्टिचर’ नावाची अशी आरी १९०९ पासून मिळते.

तिचा टाका असा पडतो. पहिल्या भोकातून सुई आरपार घालायची आणि पलीकडून दोरा ओढून घ्यायचा, शिवणीच्या लांबीच्या दुपटीहून थोडा जास्त. सुई मागे काढली की हा मोकळा दोरा पलीकडेच राहतो. चार-पाच मिलिमीटरवर दुसरं भोक. सुई पूर्ण आत घालून किंचित मागे घेतली की तिच्या टोकाशी दोऱ्याचा छोटा फास उभा राहतो. मोकळा दोरा त्या फासातून ओवायचा, सुई काढायची आणि दोन्ही दोरे सारख्या जोराने ओढायचे. दोऱ्यांची अढी पट्ट्याच्या जाडीत मधोमध बसली पाहिजे. ती वर किंवा खाली दिसली तर एक दोरा सैल आहे असं समजावं, आणि तिथेच तो टाका पुन्हा ओढावा. पुढे गेल्यावर तो सुधारता येत नाही. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन गाठ मारावी आणि टोक आचेने वितळवून दाबावं.

सुईचं टोकही तपासावं. चामड्यासाठी केलेलं पातीसारखं धारदार टोक पट्ट्याचे धागे कापतं. गोलसर अणकुचीदार टोक धाग्यांना बाजूला सारून वाट काढतं. टाके फार दाट घेतले तरी पट्ट्याची चाळण होते.

सरकता ताण, उचकटता ताण

पट्ट्याचे दोन थर एकमेकांवरून सरकू पाहतात तेव्हा जोडातले बहुतेक टाके मिळून ताण पेलतात. पण तेच थर एकमेकांपासून उचकटले जात असतील, तर सगळा भार एकट्या पहिल्या टाक्यावर येतो. तो तुटला की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. बहुतेक उसवणी अशाच सुरू होतात. म्हणून शिवायला बसण्याआधी सॅक भरून खांद्यावर घ्यावी आणि पट्टा कोणत्या दिशेला ओढला जातो ते पाहावं. पट्ट्याचं टोक त्याच दिशेत निजलेलं हवं.

पंचवीस मिलिमीटर रुंद पट्ट्याला साधारण चार सेंटिमीटर जोड घ्यावा. त्यावर चौकट शिवून आत फुली मारतात. चौकटीच्या लांब बाजू ताणाच्या दिशेने जातात आणि तिरप्या रेघा मधला भाग धरून ठेवतात. पट्टा पातळ कापडावर थेट शिवला तर टाके टिकतात आणि कापड फाटतं. आतून मजबूत कापडाचं ठिगळ लावलं, की ताण मोठ्या जागेवर पसरतो.

हाताने काय शिवू नये

ज्या पट्ट्यावर जीव टांगला जातो, तो हाताने शिवायचा नाही. हार्नेस, स्लिंग, दोराशी जोडणारा कोणताही पट्टा याला अपवाद नाही. युरोपीय मानक ईएन ५६६ प्रमाणे तयार स्लिंगने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार किलो वजनाइतका ताण पेलावा लागतो. घरी शिवलेला जोड किती पेलेल हे तो तोडल्याशिवाय कळत नाही. आणि तयार सामानही झिजलं की दगा देतं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीतली सालाथे वॉल ही कातळभिंत पॉल पियाना यांच्यासह मुक्त शैलीत सर करणारे गिर्यारोहक टॉड स्किनर २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच लीनिंग टॉवरवर दोरावरून उतरताना पडून मरण पावले. त्यांच्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप, म्हणजे दोराशी जोडणारा पुढचा पट्ट्याचा फास, तुटला होता. असं सामान झिजलं की ते कापूनच टाकावं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही.

सॅकचे पट्टे, तंबूचे बंद, कॅमेऱ्याची पिशवी, कुत्र्याचा पट्टा अशी कामं मात्र हाताने खुशाल करावीत. स्वतः जमत नसेल तर नाक्यावरच्या चर्मकाराकडे जावं. चर्मकारांच्याच हातची, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल खिळ्यांशिवाय, चामड्याच्या वादीने शिवली जाते. भार पडणारा जोड कसा शिवायचा हे या कारागिरांना कुणी शिकवावं लागत नाही. आपण सोबत चांगला दोरा न्यावा आणि पट्टा कुठल्या बाजूला ओढला जातो ते दाखवावं. आणि त्यांनी मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी, कारण नव्या सॅकचे पैसे वाचवणारं ते काम पिढ्यांच्या सरावातून आलेलं असतं.