लेबलं बदलणारं दशक

सोनेरी-तपकिरी जाळीची नक्षी असलेला एक देखणा विषारी शंख हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत सापडतो. लिनिअसने १७५८ मध्ये त्याचं नाव कोनस टेक्स्टाइल ठेवलं आणि ते अडीचशे वर्षं टिकलं. २००९ मध्ये तो सिलिंडर टेक्स्टाइल झाला. २०१५ मध्ये पुन्हा कोनस टेक्स्टाइल. वाळूत लपून बसणाऱ्या त्या गोगलगायीच्या आयुष्यात यामुळे काडीचाही फरक पडला नाही. ज्यांनी हौसेने कपाटं भरून शंख जमवले होते, त्यांना मात्र सहा वर्षांत दोनदा लेबलं लिहावी लागली. पहिल्यांदा त्यांनी ती उत्साहाने लिहिली, दुसऱ्यांदा बऱ्याच जणांनी कपाटच उघडलं नाही.

त्या दुसऱ्या बदलाला आता दहा वर्षं होऊन गेली. शिकारी समुद्री गोगलगायींच्या कुलांची जी वंशावळ आज संगणकावर एका क्लिकसरशी दिसते, ती जुळली २००४ ते २०१५ या काळात. आधीची अडीच शतकं झरझर उरकली तरी फारसं बिघडत नाही.

कारण त्या अडीच शतकांत बहुतेकांनी फक्त कवच पाहिलं. रेम्ब्राँने १६५० मध्ये कोनस मार्मोरिअसचं अप्रतिम कोरीव चित्र काढलं, पण छपाईत प्रतिमा उलटते हे शंखाच्या बाबतीत जमेस धरलं नाही. सही सुलटी छापली गेली आणि शंख मात्र डावखुरा झाला. १७७७ मध्ये केम्निट्झने वर्णन केलेला कोनस ग्लोरिआमारिस जवळजवळ दोन शतकं जगातला सर्वांत हवाहवासा शंख होता. १९६९ मध्ये पाणबुड्यांना गुआडलकॅनालजवळ त्याचं वसतिस्थान सापडलं आणि त्याचा भाव कोसळला. या किश्शांवर जाडजूड पुस्तकं निघाली. आतला प्राणी काय खातो, कसा खातो, हे त्यांत शोधावं लागतं.

मुंबईही त्या काळाला अपवाद नव्हती. मेल्विल आणि अ‍ॅबरक्रोंबी यांनी १८९३ मध्ये मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात छापली. पुढे १८९९ मध्ये मेल्विल आणि स्टँडन यांनी कोनस क्लायटोस्पायरा नावाच्या एका डौलदार शंखाचं वर्णन केलं. तो मिळवला होता तारायंत्राच्या केबली टाकणाऱ्या जहाजाचे कप्तान टाउनसेंड यांनी, मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रातून. नंतर कळलं की त्याच जातीला जूसोम या फ्रेंच अभ्यासकाने १८९४ मध्येच कोनस मिल्नेएडवर्डसी असं नाव दिलं होतं. हा शंख २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. वाघाच्या रांगेत बसलेली ही गोगलगाय महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे?

खरा घोळ होता टरिडी या कुलात. लांब निमुळता शंख, तोंडाच्या बाहेरच्या ओठाला वरच्या बाजूला एक खाच, एवढ्या भांडवलावर हजारो जाती तिथे टाकल्या गेल्या. कुठेच न बसणारा माल ठेवायचं ते गोदाम होतं. न्यूझीलंडच्या पॉवेल यांनी १९६६ मध्ये त्याची जमेल तेवढी मांडणी केली आणि पुढच्या पिढीने तीच दोन-तीन दशकं गिरवली. टकर यांनी २००४ मध्ये आजच्या आणि जीवाश्मरूपातल्या टरिडांची सूची प्रसिद्ध केली, ती १,२९५ पानांची झाली. इतकी पानं भरूनही ही मंडळी एकमेकांची नातलग आहेत की नाहीत, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हतं. सूचीचं ते कामही नव्हे.

उत्तर सोंडेत होतं. गोगलगायीच्या तोंडात रॅड्युला नावाची दातेरी पट्टी असते. शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायी ती कानशीसारखी चालवतात. कोनस, टरिड आणि टेरेब्रा यांच्या गोतावळ्यात या पट्टीचं रूप पार पालटलं. ड्रिलिडी कुलात एका ओळीत अजून पाच दात आहेत, बाजूचे फणीसारखे. खऱ्या टरिडांत मोजकेच भरीव दात उरले. कोनसमध्ये तर पट्टीच जवळजवळ नाहीशी झाली आणि कायटिनची गुंडाळी होऊन बनलेले पोकळ, काटेरी, सुईसारखे दात एका पिशवीत सुटे राहिले. शिकार जवळ आली की एक दात सोंडेच्या टोकाशी येतो. लांबलचक, वेटोळ्या नळीत तयार झालेलं विष मागचा स्नायूंचा फुगा दाबून पुढे ढकलतो. एक दात एकदाच वापरायचा, पुढच्या शिकारीला नवा.

एवढी मंद गोगलगाय चपळ मासा कसा धरते? अ‍ॅलन कोन हवाईत काम करत होते. कोनस स्ट्रायटस जिवंत मासा टोचून, लुळा करून अख्खा गिळतो, हे त्यांनी १९५६ मध्ये निरीक्षणासह छापलं. आडनाव कोन आणि अभ्यास कोनसचा, हा निव्वळ योगायोग.

या कथेतला सर्वांत कमी कौतुक झालेला टप्पा १९९३ चा. लंडनचे जॉन टेलर आणि मॉस्कोचे युरी कँटर व अलेक्झांडर सिसोएव्ह यांनी या गोगलगायींचा घसा, सोंड, विषनळी आणि दात कापून, पातळ काप काढून पाहिले. टरिडी हे एक कुल नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातले कित्येक गट कोनसच्या अधिक जवळचे आहेत, असं म्हणून त्यांनी ते थेट कोनिडीत नेले. तळहातावर मिरवायच्या शंखांच्या कुलात काही मिलिमीटरच्या मँजेलिया येऊन बसल्या. कवच पाहून नावं ठेवणाऱ्यांना हे रुचण्यासारखं नव्हतंच.

मग आलं ते दशक. २००४ या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या. टकर यांची सूची आली. फिलिपिन्समधल्या पांगलाओ बेटाभोवती पॅरिसच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाचे फिलिप बूशे यांच्या पुढाकाराने मोठी मोहीम झाली. तिथले कोळी खोल उतारावर जाळ्यांचे गुंतवळे महिनोन् महिने सोडून ठेवतात आणि त्यांत घर केलेल्या गोगलगायी वेचतात. संशोधकांनी हेच तंत्र उचललं आणि कधी न पाहिलेले टरिड जिवंत हाती आले. तिसरी गोष्ट डिसेंबरातली. कोनस मॅगसच्या विषातल्या २५ अमिनो आम्लांच्या रेणूची कृत्रिम प्रत, झिकोनोटाइड, अमेरिकेत वेदनाशामक म्हणून मंजूर झाली. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या युटामधल्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश या कोवळ्या विद्यार्थ्याने तो रेणू काही दशकांपूर्वी वेगळा केला होता. हे औषध पंपाने थेट मणक्याच्या द्रवात द्यावं लागतं, म्हणून त्याचा वापर मर्यादित राहिला. त्याचा दबदबा मात्र प्रचंड झाला.

त्या दबदब्याने या क्षेत्राचं भलं केलं आणि नुकसानही. पैसा विषाकडे वळला. विष कोणाचं, हे ठरवणारा माणूस दुय्यम झाला. एखाद्या पेप्टाइडवर दहा निबंध निघायचे, पण ज्या गोगलगायीपासून ते काढलं ती नेमकी कुठली, तिचा पुरावा म्हणून जपलेला नमुना कोणत्या संग्रहालयात आहे, हे विचारणारा किचकट समजला जायचा. अन्याय होता, आणि तो पुरता फिटलेला नाही.

पॅरिसच्या निकोला प्विलांद्र आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डीएनएच्या आधारे टरिडांची गाठ सोडवायला घेतली. पुढच्याच वर्षी मँडे हॉलफोर्ड आणि सहकाऱ्यांनी टेरेब्रिडी कुलातली गंमत दाखवली. या लांब सुळक्यासारख्या शंखांच्या काही शाखांनी विषग्रंथीच गमावली आहे, तीही एकाहून अधिक वेळा. इतक्या कष्टाने घडलेलं हत्यार टाकून देऊन त्या आजही वाळूतले किडे खात सुखाने जगतात. उत्क्रांती म्हणजे चढती शिडी असं शाळेत शिकवणाऱ्यांनी टेरेब्रा एकदा जरूर पाहावा.

आणि त्याच २००९ मध्ये टकर आणि टेनोरिओ यांचं पुस्तक आलं. त्यांनी हयात कोनस मंडळींच्या ८२ प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, केल्या. कोनस जिऑग्राफस हा गॅस्ट्रिडियम झाला, मॅगस आणि स्ट्रायटस पायोनोकोनस झाले, आपल्या किनाऱ्यावरचा फिग्युलिनस डेंड्रोकोनस झाला. काहींनी ही नावं लगेच स्वीकारली, काहींनी झिडकारली, आणि काही वर्षं एकच शंख दोन नावांनी फिरत राहिला. टकर-टेनोरिओंवर तेव्हा बरीच टीका झाली. ती सगळीच न्याय्य नव्हती. त्यांनी रॅड्युला पाहिली होती, जीवाश्मही जमेस धरले होते, आणि पाच-सातशे जाती एकाच नावाच्या छत्रीखाली कोंबण्याचा आळस त्यांनी उघडपणे नाकारला. चूक एवढीच की अर्ध्याअधिक जातींचा डीएनए वाचला जाण्याआधीच त्यांनी दरवाजांवर पाट्या लावल्या.

२०११ चे दोन जोडनिबंध हा या दशकाचा गाभा. प्विलांद्र यांच्या चमूने वंशवृक्ष मांडला. बूशे, कँटर, सिसोएव्ह आणि प्विलांद्र यांनी त्यावरून वर्गीकरण केलं. एकूण १५ कुलं झाली. कोनिडी आणि टेरेब्रिडी जुन्या, पारंपरिक अर्थाने राहिली आणि जुन्या टरिडीची १३ कुलं पडली. रॅफिटोमिडीत ७१ प्रजाती-उपगट, मँजेलिडीत ६०, आणि खुद्द टरिडीच्या वाट्याला उरले अवघे १६. होरायक्लॅव्हिडी हे कुल तर त्या निबंधातच जन्मलं. वर्गीकरण करणाऱ्यांची नावं पुन्हा वाचा. कँटर आणि सिसोएव्ह म्हणजे १९९३ चेच कापाकापी करणारे. अठरा वर्षांपूर्वीची आपली विस्तारित कोनिडी त्यांनी स्वतःच्या सहीने मोडली. टरिडी एक नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र डीएनएने उचलून धरलं. सुईसारखे पोकळ दात वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडले, हेही वंशवृक्षामुळे कळलं. अर्थात दात कोणी तरी आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवले होते म्हणून.

२०१५ मध्ये कोनसचा निकाल लागला. तीनशेहून अधिक जातींच्या डीएनएवरून प्विलांद्र, ड्यूडा, मायर, ऑलिव्हेरा आणि बूशे यांनी ठरवलं की प्रजाती चारच : कोनस, कोनास्प्रेला, प्रोफंडिकोनस आणि कॅलिफोर्निकोनस. शेवटचीत एकच जाती, आणि ती किडे, मासे, कोळंबी, दुसऱ्या गोगलगायी असं मिळेल ते खाते. सिलिंडर, गॅस्ट्रिडियम ही नावं मेली नाहीत, कोनसच्या पोटातल्या ५७ उपगटांत जाऊन बसली. तडजोड शहाणपणाची होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जिऑग्राफसच्या विषात माशाच्या धाटणीचं इन्सुलिन असल्याचं युटाच्या चमूने दाखवलं. तोंड फनेलसारखं पसरून ही गोगलगाय माशांची रक्तशर्करा पाडते आणि सुस्तावलेला थवा आत घेते.

या धामधुमीत मुंबईच्या खडकांवरचा एक बदल दुर्लक्षित राहिला. भरतीच्या पट्ट्यात बार्नॅकल आणि कालवं फस्त करणाऱ्या खडबडीत गोगलगायी म्युरिसिडी कुलातल्या. त्यांच्याकडे कोनससारखी सुई नाही. पायाच्या तळव्यावरचा एक अवयव आम्ल आणि विकरं सोडून कालवाचं कवच मऊ करतो, मग रॅड्युला खरवडते, पुन्हा अवयव, पुन्हा रॅड्युला. भोक पडायला तास लागतात, कधी दिवस. मेल्विलने १८९३ मध्ये मुंबईहून परप्युरा ब्लॅनफर्डी वर्णन केली होती. ती पुढे थाइस झाली. कूल यांनी १९९३ मध्ये शरीररचनेवरून या गटाची फेरमांडणी केली आणि २०१३ मध्ये क्लेअरमाँट, व्हर्मी, विल्यम्स आणि रीड यांनी डीएनएच्या आधारे तिला इंडोथाइस या नव्या प्रजातीत बसवलं. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हॉर्नेल यांचं पुस्तक १९५१ मध्ये आणि दीपक आपटे यांचं १९९८ मध्ये काढलं. शंख ओळखायला शिकलेल्या मराठी माणसांनी बहुधा हीच दोन चाळली असतील. इंडोथाइस हे नाव त्यांत असणं शक्य नव्हतं, आणि तितक्या हाताशी असलेलं तिसरं पुस्तक घराघरांत पोचलेलं नाही.

याच दशकात आपल्या महाविद्यालयांतून एक गोष्ट गेली. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पायला ही गोगलगाय कापायची, तिची रॅड्युला काढून काचपट्टीवर लावायची, हा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ होता. बैनी प्रशाद यांचा पायलावरचा ग्रंथ त्यामागे होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. प्राण्यांची हकनाक कत्तल थांबली, हे योग्यच झालं. पण बाजारात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मेलेल्या कालवांवर आणि शंखांवर तरी हा हात बसवता आला असता. तो पर्याय कोणी मनावर घेतला नाही. आता डीएनएचा क्रम पैसे भरून कुठूनही काढून आणता येतो, पण रॅड्युला हातांनी काढून देणारा माणूस शोधावा लागतो. दुसऱ्या देशांत दोन्ही हात एकत्र आले तेव्हाच २०११ चं वर्गीकरण उभं राहिलं.

अलिबागला, रत्नागिरीला किंवा मिरामारला गेलात तर जिवंत शंकूच्या आकाराची गोगलगाय उचलू नका. नोंदवलेले बहुतेक मानवी मृत्यू जिऑग्राफसच्या नावावर असले, तरी बाकीच्यांची खात्री देता येत नाही. रिकामा शंख मिळाला तर कायद्याने संरक्षित नाही ना, एवढं पाहा आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा : ठिकाण, तारीख, खडक की वाळू, ओहोटीला किती आत. नाव लिहिलं नाही तरी चालेल. नावं पुढेही बदलतील; ठिकाण आणि तारीख नसलेला शंख मात्र कुठल्याच अभ्यासकाच्या कामाचा नाही.