व्हॅनगन हायवेवरच का अडखळते?

फोक्सवॅगनची टी३ कॅम्पर, म्हणजे अमेरिकेतली व्हॅनगन. १९८६पासून तिथे तिला २.१ लिटरचं वॉटर-कूल्ड बॉक्सर इंजिन मिळालं. या गाड्यांचं एक दुखणं मालकांना चांगलंच ठाऊक आहे. हायवेवर बराच वेळ एकाच वेगात गेलं की अचानक हिसके बसतात, पिकअप जातो. बंद करून पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नव्हतं! मेकॅनिकच्या दारात तर अगदी गुणी बाळ.

संशय आधी एअर फ्लो मीटरवर घ्या. आत हवेच्या झोताने हलणारी झडप असते आणि तिच्यासोबत कार्बनच्या पट्टीवर सरकणारा काटा. वेग एकच असेल तर काटा त्याच जागी थरथरत राहतो, पट्टी झिजते, सिग्नल गढूळ होतो आणि कंप्युटर पेट्रोल चुकीचं मोजतो. यावर खुद्द कंपनीनेच कॅपॅसिटर असलेली छोटी वायर-जोडणी काढली होती.

पण मीटरवर पैसे घालण्याआधी इंजिनावरचे अर्थिंगचे जोड खोलून पॉलिश पेपरने घासा. फुकटचं काम, आणि लोक नेमकं तेच टाळतात. मग मल्टिमीटरने कूलंटचा टेम्परेचर सेन्सर तपासा: २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ८० अंशांना ३००च्या आसपास.

पेट्रोलचे रबरी पाइप तडकलेले दिसले तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बदला. इंजिन मागे, झोपायच्या गादीच्या खालीच आहे.