सोनचाफ्याचा वैरी ऊन नव्हे

सोनचाफा हे कोकणचे झाड, मराठवाड्याच्या उन्हात ते टिकायचे नाही, असे सर्रास बोलले जाते. वरवर पाहता ते खरेही वाटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, हवा कायम दमट. हिंगोलीत पाऊस साधारण 800 ते 900 मिलिमीटर आणि मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे. पण हवाच कारणीभूत असती, तर बंगळूरमध्ये सोनचाफा एवढा फोफावला नसता. तिथला पाऊस हिंगोलीपेक्षा फारसा जास्त नाही, तरी मल्लेश्वरम भागातल्या एका रस्त्याचे नावच ‘संपिगे’, म्हणजे चाफ्यावरून पडलेले आहे. बंगळूर उंचावर, म्हणून थंड, असे कोणी म्हणेल. मग लखनौकडे पाहावे. तिथे ‘लू’ वाहते, थंडीही हिंगोलीपेक्षा कडक पडते, आणि तरीही बागांतून चंपा फुलतो. या तिन्ही ठिकाणची हवा वेगवेगळी आहे. सारखी आहे ती एकच गोष्ट: कोकणचा जांभा, बंगळूरची तांबडी माती आणि गंगेकाठची पोयटा जमीन या तिन्हींतून पाण्याचा निचरा होतो.

हिंगोलीचा मोठा भाग मात्र भारी काळ्या जमिनीचा. पूर्णेच्या खोऱ्यातली वसमतकडची जमीन कापूस, ऊस, सोयाबीनला उत्तम. सोनचाफ्याला तीच नडते. चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने ही जमीन पावसात फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि पाणी कित्येक दिवस हटत नाही. सोनचाफ्याची मुळे मांसल असतात, हवेविना ती लवकर कुजतात. त्यात आपली लागवडीची रीत घातक ठरते. तीन फुटांचा खड्डा खणायचा, त्यात पोयटा आणि शेणखत भरायचे, हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण काळ्या जमिनीतला असा खड्डा म्हणजे हौदच. आजूबाजूचे पाणी त्याच भुसभुशीत जागेत उतरते आणि तिथेच थांबते. मुळे श्रावण-भाद्रपदात कुजतात, झाड आश्विनातल्या उन्हात माना टाकते, आणि दोष उन्हाच्या माथी जातो.

दुसरी अडचण चुनखडीची. कोकणची माती आम्लधर्मी, तर इथल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास. अशा जमिनीत लोह असते, पण झाडाला ते उचलता येत नाही. जुलैच्या झडीत सोयाबीनची वरची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते दृश्य हिंगोलीच्या शेतकऱ्याला नवे नाही. सोनचाफ्याची कोवळी पाने तशीच दिसू लागली की खत कमी पडले म्हणून युरिया टाकू नये. हिराकस नुसता मातीत टाकला तर चुनखडी त्यालाही बांधून ठेवते. शेणखतात मुरवून द्यावा, किंवा चिलेटेड लोहाची फवारणी करावी.

यावर उपाय बाहेरून आणायची गरज नाही, तो हळदीच्या शेतात आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद घेणारे अनेक शेतकरी सपाट वाफे सोडून ठिबकसह गादीवाफ्यांकडे वळले, ते पाणी साचले की कंदकूज होते म्हणूनच. कंदाला जे लागू, तेच सोनचाफ्याच्या मुळांना. जमिनीत खाली न जाता दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद उंचवटा करावा. त्यात तांबडी माती किंवा मुरूम, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा. चुनखडीचे पांढरे खडे दिसणारा मुरूम टाळावा. रोपाऐवजी कलम घ्यावे, कारण बियांच्या रोपाला फुलायला सात-आठ वर्षेही लागतात. चांगले कलम एक-दोन वर्षांत फुलते. मात्र कलमाचा जोड मातीखाली जाऊ देऊ नये.

ऊन अगदीच निरुपद्रवी आहे असे नव्हे. पहिले दोन-तीन उन्हाळे कलमाला पश्चिमेकडून सावली, बुंध्याशी जाड आच्छादन आणि नियमित पाणी लागतेच. म्हणून प्यायच्या पाण्याची ओढ असलेल्या गावांत फुलझाडाची चैन कशाला, हा आक्षेप रास्त आहे. फुलांची व्यापारी बाग करायची असेल तर तो मला पूर्ण मान्य आहे. वसईच्या चाफ्याला दादरचा बाजार जवळ आहे, हिंगोलीला तसा नाही, आणि तोडलेले फूल दिवसभरात कोमेजते. परंतु अंगणातल्या एका झाडाला भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी पुष्कळ होते. बोअरच्या जड पाण्यापेक्षा ते बरेही, कारण जड पाण्याबरोबर क्षार मातीत साचत जातात. साबणाचे पाणी मात्र नको.

‘जमीन कसदार तेवढे झाड चांगले’ हा नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो. औंढा नागनाथ, सेनगावकडच्या मुरमाड उतारावर, पाण्याची थोडी सोय असेल तर, सोनचाफ्याला वसमतच्या खोल काळ्या रानापेक्षा जास्त आशा आहे. भारी जमिनीत ज्याला उंचवटा करणे जमणार नाही, त्याने सोनचाफ्याच्या कलमावर पैसे घालवू नयेत. सरळ बकुळ लावावी. ती सावकाश वाढते, पण काळी जमीन आणि उन्हाळा बराच सोसते.