एअरसॉफ्ट खेळातील संरक्षक गॉगलवर बाष्प धरण्याची समस्या : कारणे व प्रतिबंधक उपाय

प्रस्तावना

एअरसॉफ्ट हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये उदयास आला. जपानमधील १९५८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यामुळे सामान्य नागरिकास खरे पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य झाले होते. त्यातूनच दिसण्यात हुबेहूब, परंतु हवेच्या किंवा वायूच्या दाबाने प्लास्टिकची गोळी फेकणाऱ्या बंदुकांचा छंद तेथे रुजला. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने विजेरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली. पुढे अमेरिका, ब्रिटन व युरोपातील अन्य देशांतही हा खेळ लोकप्रिय झाला. रानात किंवा वापरात नसलेल्या इमारतीत दोन गट परस्परांवर चाल करून जातात आणि ज्याला गोळी लागेल त्याने प्रामाणिकपणे तसे सांगून बाजूला व्हावे, हा या खेळाचा पाया आहे.

खेळात वापरली जाणारी गोळी साधारणतः ६ मि.मी. व्यासाची असते. ०.२० ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटल्यास तिची ऊर्जा १ ज्यूल होते. जपानने २००६ च्या कायदादुरुस्तीने ही ऊर्जा सुमारे ०.९८ ज्यूलपर्यंत मर्यादित केली, तर ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने सलग गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीसाठी १.३ ज्यूल आणि एकेक गोळी सोडणाऱ्या बंदुकीसाठी २.५ ज्यूल अशी मर्यादा घातली गेली. एवढ्या ऊर्जेची गोळी त्वचेवर लागल्यास लाल वळ उठतो. डोळ्यावर लागल्यास मात्र पारपटलास जखम होणे, डोळ्याच्या पुढील कप्प्यात रक्तस्राव होणे, आघातजन्य मोतीबिंदू होणे किंवा दृष्टिपटलास इजा होणे संभवते. म्हणजेच कायद्याने मान्य केलेली बंदूकही उघड्या डोळ्यासाठी निर्धोक नसते. म्हणूनच मैदानावर गॉगल न काढणे हा या खेळाचा पहिला नियम मानला जातो.

हा नियम मोडला जाण्यामागे बेफिकिरीखेरीज आणखी एक अत्यंत साधे कारण असते, ते म्हणजे गॉगलच्या काचेवर धरणारे बाष्प. समोरचे दिसेनासे झाले की खेळाडू गॉगल क्षणभर वर उचलतो, बोटाने काच पुसतो आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचा डोळा उघडा पडतो. त्यामुळे या समस्येकडे केवळ गैरसोय म्हणून न पाहता सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. गॉगलवर बाष्प धरण्याची भौतिक प्रक्रिया स्पष्ट करणे.
२. थंड व उष्ण-दमट हवामानात या समस्येचे स्वरूप कसे बदलते याचे विवेचन करणे.
३. प्रचलित उपायांचे कार्य व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.

बाष्प धरण्याची प्रक्रिया

हवा जितकी उष्ण तितकी तिच्यात अधिक बाष्प सामावू शकते. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांस हे प्रमाण १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांस ३०.४ ग्रॅम इतके असते. बाष्पयुक्त हवा थंड होत गेल्यास एका विशिष्ट तापमानाला ती संपृक्त होते. या तापमानास दवबिंदू म्हणतात. हवेशी संपर्कात असलेला पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा थंड असेल तर त्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, त्यामागेही हेच कारण असते.

गॉगल चेहऱ्यावर घट्ट बसला की काच व चेहरा यांमध्ये हवेचा एक लहानसा बंदिस्त कप्पा तयार होतो. चेहऱ्याच्या त्वचेचे तापमान साधारणतः ३३ अंशांच्या आसपास असते. त्वचेवरील घाम, डोळ्यांतील ओलावा आणि नाकावाटे वर सरकणारा उच्छ्वास या तिन्ही मार्गांनी त्या कप्प्यात सतत बाष्प मिसळत राहते. काचेचे तापमान मात्र चेहरा व बाहेरची हवा यांच्या दरम्यान कोठेतरी असते. आतील हवेचा दवबिंदू काचेच्या तापमानापलीकडे गेला की काच धुरकट होते. पाणी स्वतः पारदर्शक असले तरी सुट्या अर्धगोल थेंबांमधून जाणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. दृष्टी अडते ती पाण्यापेक्षा पाण्याच्या या थेंबरूप आकारामुळे. उपायांचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

शारीरिक श्रमांबरोबर ही समस्या किती गंभीर होऊ शकते याचे उदाहरण अंतराळ संशोधनाच्या इतिहासात सापडते. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९-ए या मोहिमेत अमेरिकी अंतराळवीर युजीन सर्नन यानाबाहेर पडले. अपेक्षेपेक्षा अधिक श्रम पडल्याने पोशाखातील शीतन व्यवस्था अपुरी पडली आणि शिरस्त्राणाच्या काचेवर आतून बाष्प साचले. नाकाने काच घासून त्यांना पाहण्यापुरती जागा करावी लागली व नियोजित चाचणी सोडून देऊन यानात परतावे लागले. त्यानंतरच्या मोहिमांत काचेच्या आतील बाजूस बाष्परोधक द्रव लावण्यात येऊ लागला. काच काढून पुसणे ज्या ठिकाणी शक्य नसते त्या ठिकाणी आधीची तयारी हाच उपाय असतो, हा या प्रसंगाचा बोध एअरसॉफ्टलाही तंतोतंत लागू पडतो.

हवामानानुसार बदलणारे स्वरूप

ब्रिटनमधील हिवाळा व जपानमधील उन्हाळा या दोन परिस्थितींची तुलना केल्यास एकाच समस्येची दोन भिन्न रूपे दिसून येतात.

हिवाळ्यात बाहेरील तापमान ५ अंश असताना काचेची आतील बाजू १२ अंशांवर आहे असे समजू. या तापमानाला हवा घनमीटरमागे केवळ १०.७ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर घामेजलेल्या त्वचेलगतच्या हवेत ते ३५ ग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे आतील थोड्याशा ओलाव्यानेही काच धुरकट होते. येथे मुख्य दोष काचेच्या थंडपणाचा आहे. बाहेरची हवा मात्र प्रत्यक्षात कोरडी असते. ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असली तरी तिच्यात घनमीटरमागे सुमारे ६ ग्रॅमच बाष्प असते. म्हणून ती आत खेळवल्यास लगेच गुण येतो.

जपानमध्ये जून-जुलैच्या पर्जन्यकाळात व त्यानंतरच्या उन्हाळ्यात चित्र उलट असते. ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना बाहेरील हवेतच घनमीटरमागे २४ ग्रॅमहून अधिक बाष्प असते आणि तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. काच ३१ अंशांच्या आसपास असल्याने ती फारशी थंड नसते, परंतु घाम वाळत नाही आणि आतील हवा जवळजवळ संपृक्त होते. येथे मुख्य दोष घाम व कोंडलेली हवा यांचा आहे. तरीही काच बाहेरील हवेच्या दवबिंदूपेक्षा उष्ण असल्याने आतील हवा पुरेशा वेगाने बदलत राहिल्यास बाष्प धरण्याचे कारण उरत नाही.

प्रतिबंधक उपाय व त्यांच्या मर्यादा

(अ) वायुवीजन : गॉगलच्या चौकटीतील छिद्रांवाटे हवा खेळती ठेवणे हा दोन्ही ऋतूंत उपयोगी पडणारा उपाय आहे. काही गॉगलांत विजेरीवर चालणारा छोटा पंखाही बसवलेला असतो. दबा धरून स्थिर बसलेल्या खेळाडूस त्याचा विशेष उपयोग होतो, कारण हालचालीमुळे मिळणारा वारा त्याला मिळत नाही. छिद्रे गोळीपेक्षा लहान व स्पंज किंवा जाळीने झाकलेली असणे आवश्यक आहे. स्वतःच्या हाताने छिद्रे पाडल्यास चौकटीची मजबुती कमी होण्याचा धोका असतो.

(आ) दुहेरी काच : दोन काचांच्या मध्ये हवेचा बंद थर ठेवल्यास तो उष्णतारोधक म्हणून कार्य करतो व आतील काच चेहऱ्याच्या उष्णतेने उबदार राहते. बर्फावरील घसरखेळासाठी विकसित झालेली ही रचना थंड हवामानात अत्यंत परिणामकारक ठरते. उष्ण-दमट हवेत मात्र चेहरा व बाहेरची हवा यांच्या तापमानात मुळातच दोन-तीन अंशांचा फरक असल्याने तिचा लाभ मर्यादित राहतो. दोन काचांमधील जोड सुटून पाणी आत गेल्यास ते पुसताही येत नाही.

(इ) पृष्ठभागावरील लेप : पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्याने त्याचे थेंब बनतात. साबणासारखे द्रव्य हा ताण कमी करते, थेंब पसरतात व पाण्याचा सलग पातळ थर तयार होतो. त्यातून प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो. बाजारातील बाष्परोधक द्रव किंवा भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा थेंब काचेवर पसरून मऊ कापडाने हलकेच पुसणे, हे दोन्ही याच तत्त्वावर आधारित आहेत. या लेपाने संघनन थांबत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. घामाने तो धुऊन जातो, म्हणून प्रत्येक डावापूर्वी तो नव्याने लावावा लागतो. कारखान्यातच जलस्नेही लेप दिलेली काच असल्यास ती घासून पुसू नये. गॉगलची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, त्यामुळे ॲसिटोन, पेट्रोल किंवा अमोनियायुक्त द्रव तिच्यावर कधीही वापरू नये. त्यांच्यामुळे काच ठिसूळ होऊन तिची आघातरोधकताच कमी होते.

(ई) तारेची जाळी : जाळीच्या गॉगलवर बाष्प धरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून अनेक खेळाडू त्याकडे वळतात. परंतु कठीण पृष्ठभागावर आपटून फुटलेल्या गोळीचे कण जाळीतून आत येऊ शकतात. अर्थात येथे एका धोक्याच्या बदल्यात दुसरा स्वीकारला जातो.

(उ) वापरातील दक्षता : नाक-तोंडावर घट्ट बांधलेले कापड उच्छ्वास वर ढकलते, म्हणून ते नाकाच्या वरच्या कडेशी नीट बसवावे किंवा सैल ठेवावे. कपाळावर घाम टिपणारी पट्टी बांधावी. विश्रांतीच्या वेळी गॉगल घामेजल्या कपाळावर सरकवून ठेवल्यास स्पंज ओला होतो. त्याऐवजी सुरक्षित क्षेत्रात तो काढून वाळू द्यावा. थंडीत रात्रभर मोटारीत राहिलेला गॉगल लगेच न घालता आधी उबदार होऊ द्यावा. चष्मा वापरणाऱ्यांच्या बाबतीत धुरकट होणारे पृष्ठभाग वाढतात, म्हणून चष्म्याच्या भिंगांवरही लेप लावणे आवश्यक ठरते.

निवडीचे निकष

युरोपातील ईएन १६६ या मानकानुसार चिन्हांकित गॉगलवर आघातरोधकतेसाठी एफ, बी किंवा ए आणि बाष्परोधकतेसाठी एन ही अक्षरे आढळतात. यांपैकी बी हे चिन्ह ०.८६ ग्रॅमचा पोलादी गोल सेकंदाला १२० मीटर वेगाने आदळूनही टिकणाऱ्या गॉगलला मिळते. ही ऊर्जा सुमारे ६ ज्यूल होते. अमेरिकेच्या आन्सी झेड ८७.१ या मानकाच्या २०२० च्या आवृत्तीत बाष्परोधकतेसाठी एक्स हे चिन्ह समाविष्ट करण्यात आले. खरेदी करताना आघातरोधकता प्रथम व बाष्परोधकता त्यानंतर, हा क्रम बदलता कामा नये.

निष्कर्ष

१. काचेचे तापमान, आतील हवेची आर्द्रता व काचेच्या पृष्ठभागाचे स्वरूप या तीन घटकांवर बाष्प धरणे अवलंबून असते. प्रत्येक उपाय यांपैकी एखाद्याच घटकावर कार्य करतो.
२. थंड हवेत दुहेरी काच व वायुवीजन, तर उष्ण-दमट हवेत वायुवीजन, घामनियंत्रण व पृष्ठभागावरील लेप यांचा मेळ अधिक परिणामकारक ठरतो.
३. कोणताही उपाय सर्वकाळ पुरेसा ठरत नाही. म्हणून उपाय निष्फळ ठरल्यास काय करावे हे खेळाडूस आधीच ठाऊक असले पाहिजे.

समारोप

काच धुरकट झाल्यास गॉगलला हात न लावता हात उंच करून मोठ्याने तसे सांगावे, सहकाऱ्याच्या किंवा पंचाच्या मदतीने सुरक्षित क्षेत्रात जावे आणि तेथेच गॉगल उतरवावा. यामुळे एखादा डाव हातचा जाईल, परंतु गेलेला डाव पुढच्या फेरीत पुन्हा खेळता येतो. बाष्परोधक उपायांचे खरे मूल्य ते काच किती स्वच्छ ठेवतात यापेक्षा खेळाडूला मैदानावर गॉगल काढण्याचा मोह किती कमी होतो यावरून ठरवणे उचित होईल.