घटस्फोटानंतर संयुक्त कर्जाचे काय?

घटस्फोटाविषयी आपल्या समाजात पूर्वी कुजबुजीनेच बोलले जाई. आता दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसतात, दागिन्यांची यादी होते, पोटगीची रक्कम ठरते आणि परस्परसंमतीचा अर्ज कुटुंब न्यायालयात दाखल होतो. हिंदू विवाह अधिनियम १९५५ जैनांनाही लागू असल्याने त्यातील कलम १३-ब चा हा मार्ग आपल्याला खुला आहे. या वाटाघाटींत एक पक्ष मात्र कधीच हजर नसतो, तो म्हणजे कर्ज देणारी बँक.

घर घेताना कर्जात दोघांची नावे घालण्याची कारणे व्यवहारी असतात. दोघांचे उत्पन्न धरले की कर्ज अधिक मिळते. जुन्या करप्रणालीत दोघेही सहमालक व सहकर्जदार असतील, तर राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकाला वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावटही मिळते. सही करताना मात्र बहुतेकांची समजूत अशी असते की, आपण निम्म्याच कर्जाचे देणेकरी आहोत. ही समजूत सर्वस्वी चुकीची होय. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ४३ नुसार संयुक्त कर्जदारांपैकी कोणाही एकाकडे धनको संपूर्ण रकमेची मागणी करू शकतो. ज्याने भरली त्याने दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडून वसूल करावा. तो त्या दोघांचा प्रश्न.

संमतीच्या अटींत "घराचे उर्वरित हप्ते पती भरेल" असे एक वाक्य घातले जाते. त्यावर हुकूमनामा होतो आणि मुलीकडची मंडळी निर्धास्त होतात. दोन वर्षांनी त्याचा धंदा मंदावतो, हप्ते थकतात. थकबाकीला ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते आणि सरफेसी कायद्याखालील ६० दिवसांची नोटीस तिच्याही नावाने येते. ती हुकूमनामा घेऊन बँकेत धावते. शाखाधिकारी तो वाचतो, सहानुभूती दाखवितो आणि परत करतो. कारण त्या ठरावात बँक पक्षकार नव्हती. वचन मोडल्याबद्दल ती पतीविरुद्ध दाद मागू शकते, परंतु तोवर तिच्या पतमाहिती अहवालात थकबाकीची नोंद झालेली असते. माहेरी आल्यावर तिने स्वतःचे छोटे दुकान काढावयाचे ठरविले, तर पहिली अडचण हीच नोंद उभी करते.

बँकेच्या लेखी संमतीवाचून कर्जातून नाव निघत नाही आणि बँक ती संमती उरणाऱ्या एकट्याचे उत्पन्न तपासूनच देते. समजा, कर्जाची बाकी ४० लाख आहे आणि घराची किंमत ९० लाख. देणे वजा जाता ५० लाख उरतात. समान वाटणी धरल्यास घर सोडणाऱ्याला २५ लाख द्यावे लागतील. तेही कर्जानेच उभे केले, तर ६५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता सुमारे ६४,००० रुपये होतो. हा भार एकट्याला पेलणार नसेल, तर घर विकून कर्ज फेडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. "मुलांसाठी घर राहू द्या" हा आग्रह समजण्यासारखा असला तरी थकलेल्या हप्त्यांचे घर मुलांच्याही उपयोगी पडत नाही. एकाच्या नावाने दुसऱ्या बँकेत कर्ज हलविता येते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही.

कर्जातील नाव आणि मालकीतील नाव या दोन भिन्न गोष्टी होत. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे पत्नीने हक्कसोडपत्र करून दिले आणि कर्जात तिचे नाव तसेच राहिले. घर गेले, देणे उरले! म्हणून आधी बँकेचे मुक्ततापत्र हाती घ्यावे, मग दस्तावर सही करावी. महाराष्ट्रात राहत्या घराचे बक्षीसपत्र पती-पत्नींमध्ये झाल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. परंतु हुकूमनाम्यानंतर ते पती-पत्नी राहत नाहीत. शिवाय मोबदला घेऊन दिलेले ते बक्षीसही नव्हे. यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावाच. अर्ज आणि अंतिम जबाब यांमध्ये कायद्याने सहा महिने ठेवले आहेत. ते माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, आणि तेव्हापासून घाई वाढली आहे. बँकेचे काम पुरे झाल्याशिवाय ही माफी मागू नये.

आपल्या व्यापारी घरांत याहून अवघड प्रश्न पेढीचा असतो. सुनेला भागीदार केलेले असते, किंवा दुकानाच्या कॅश क्रेडिटला तिची जामीनकी असते; कोठे सही केली हे तिला आठवतही नाही. भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे निवृत्त भागीदाराची मागील देण्यांची जबाबदारी धनकोच्या संमतीनेच सुटते आणि निवृत्तीची जाहीर सूचना दिली नाही, तर पुढील व्यवहारांचीही मागे लागते. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. चालू खात्यावरील जामीनकी बँकेला नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरती मागे घेता येते, मात्र जामीनपत्रातील अटी आधी वाचाव्यात. नोटिशीवर शाखेची पोच घ्यावी आणि त्या दिवशीची बाकी बँकेकडून लेखी मागून घ्यावी.