जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकातून आवाज येतोय? मोबाइल घेऊन असा शोधा दोष

खड्ड्यातून गेलं की पुढून ‘ठक-ठक’, स्टिअरिंग थरथरतं, गाडी एका बाजूला ओढते. जुनी पिकअप घरी असेल तर हे ओळखीचं असेल. गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा पहिलं उत्तर येतं, ‘शॉकअप गेलेत, दोन्ही बदला.’ पैसे जातात, आवाज मात्र राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक नियम पाळतो: बग नक्की कुठे आहे ते कळेपर्यंत कोडला हात लावायचा नाही. गाडीलाही तो लागू पडतो.

कोण काय काम करतं?

स्प्रिंग किंवा पाटे गाडीचं वजन पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगची उसळी थांबवतो. बॉल जॉइंट, किंवा काही गाड्यांत किंग पिन, हा चाकाला वळू देणारा सांधा. टाय रॉड स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेतो. जोडांमधले रबरी बुश हादरे खातात. म्हणजे गाडी पुढून एका बाजूला बसली असेल, तर शॉकअप बदलून ती सरळ होणार नाही. तिथे स्प्रिंग किंवा पाटाच बघायला हवा.

पायरी 1: फुकटातली तपासणी

सपाट जागा, गाडी रिकामी. दोन्ही टायरमधली हवा सारखी आहे का? चाकाचे नट घट्ट आहेत का? मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. ठळक फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा पाटा तुटला आहे. टॉर्च लावून पाट्यांवर चीर दिसते का, शॉकअपवरून तेल ओघळलंय का तेही बघा. टायरचे फोटो काढून ठेवा. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सांधा सैल आहे.

पायरी 2: स्टिअरिंगचा व्हिडिओ

हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंदच ठेवा. मोबाइल पुढच्या चाकामागे जमिनीवर टेकवून स्लो मोशन व्हिडिओ सुरू करा. आता कुणाला तरी स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवायला सांगा.

व्हिडिओत एकच गोष्ट शोधायची: एकमेकांना जोडलेले दोन भाग एकदम हलतात का? एक आधी हलला आणि दुसरा क्षणभर उशिरा, तर मधला सांधा गेला. डोळ्याला न दिसणारी ही गॅप 120 किंवा 240 फ्रेमच्या व्हिडिओत स्पष्ट दिसते. शिवाय तुम्हाला गाडीखाली जावं लागत नाही.

पायरी 3: चाक उचलून हलवा

इथे जॅक कुठे लावता याला फार महत्त्व आहे. पुढे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असेल तर जॅक अ‍ॅक्सलखाली. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ. अशा गाडीत चेसिसखाली जॅक लावला तर आर्म लोंबकळतो, पण स्प्रिंगचा दाब सांध्यावर तसाच राहतो आणि झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट भासतो. उचलल्यावर चेसिसखाली स्टँड ठेवायला विसरू नका. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

आता चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी, हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा.

- ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला: चाकाचं बेअरिंग सैल आहे.
- ब्रेक दाबूनही खेळ राहिला: बॉल जॉइंट किंवा किंग पिन.
- खेळ फक्त 9 आणि 3 च्या जागी धरल्यावर जाणवतो: बहुतेक टाय रॉड.

आमच्या मामाची पिकअप नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेते. तिलाही दोन्ही शॉकअप बदलायचा सल्ला मिळाला होता. शॉकअप कोरडे होते, उंची सारखी होती. डाव्या चाकाचा खेळ मात्र ब्रेक दाबूनही राहिला, आणि व्हिडिओत खालचा बॉल जॉइंट हलताना दिसला. तो बदलला, आवाज गेला. शॉकअप अजून तेच आहेत.

कशावर थांबता येतं, कशावर नाही?

सुकलेल्या बुशची ‘चीं-चीं’ आठवडाभर चालवून घेता येईल. पण बॉल जॉइंट, किंग पिन किंवा टाय रॉडमध्ये खेळ सापडला, किंवा पाटा तुटलेला दिसला, तर गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. भरल्या गाडीत बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं. टाय रॉड सुटला तर स्टिअरिंग फिरवूनही ते चाक वळत नाही. मागे माणसं बसलेली असतील तर काय होईल, ते सांगायला नको.

काम करून घेताना तीन गोष्टी

1. शॉकअप बदलायचेच असतील तर जोडीने बदला.
2. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.
3. टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्याच, नाहीतर नवे टायर काही दिवसांत झिजतील.

आणि गॅरेजमध्ये ‘पुढून आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. व्हिडिओ दाखवा आणि म्हणा, ‘डावं चाक, ब्रेक दाबूनही वर-खाली खेळ आहे.’ चांगल्या मेकॅनिकचा अर्धा तास वाचेल. आणि उगाच पार्ट बदलणाराही दोनदा विचार करेल.